पिकांचे कवच आणि माणसाचा खोकला : फ्लॅवोनॉइड द्रव्यांविषयी

दिवाळी सरली, कापसाची वेचणी जोरात आली आणि रब्बी ज्वारीला कोळप्याची पहिली पाळी मिळाली की परभणी जिल्ह्यातील खेड्यांत घरोघर सर्दी-पडशाचा मुक्काम सुरू होतो. लोक त्याचे खापर पहाटेच्या गारठ्यावर फोडतात आणि चुलीवर गवती चहा, तुळस, आले व मिरे यांचा काढा चढतो. ही चाल जुनी आहे आणि तिच्यात वावगे असे काही नाही. २०२० च्या करोना साथीनंतर मात्र या काढ्याला एक नवे नाव चिकटले. पाकिटांवर, जाहिरातींत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत 'फ्लॅवोनॉइड' हा शब्द दिसू लागला, आणि ही नैसर्गिक द्रव्ये फ्लू व करोना यांचे विषाणू मारतात, असे सांगितले जाऊ लागले. त्या मागोमाग औषधी वनस्पती लावा, सगळा माल आम्ही उचलतो, असे सांगणारी मंडळीही गावोगाव दिसू लागली आहेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्याला यावर दोन प्रश्न हमखास विचारले जातात. हे खरे आहे काय, आणि आम्ही ते लावावे काय? चुकीच्या उत्तराने पहिल्या बाबतीत आजारी माणसाचे मोलाचे दोन दिवस जातात व दुसऱ्या बाबतीत शेतकऱ्याचा एक हंगाम जातो. यास्तव या द्रव्यांविषयी आज निश्चितपणे काय ठाऊक आहे, ते येथे दिले आहे.

ही द्रव्ये कोणती?

'फ्लॅव्हस' म्हणजे लॅटिन भाषेत पिवळा. पंधरा कार्बन अणूंच्या एकाच सांगाड्यावर रचलेली अशी सहा हजारांहून अधिक द्रव्ये वनस्पतींत आढळली आहेत. त्यांपैकी काही पिवळी, काही तांबडी-जांभळी, तर कित्येक बिनरंगी असतात. लाल कांद्यातील क्वेर्सेटिन, सोयाबीनमधील जेनिस्टीन व डेडझीन, तुळशीतील ओरिएंटिन व व्हायसेनिन, चहातील कॅटेचिन, करडईच्या पाकळीतील कार्थामिन ही सगळी एकाच कुळातील भावंडे होत. हळदीतील कर्क्युमिन मात्र या कुळातील नव्हे. वसमतची हळद कितीही उत्तम असली तरी तिला फ्लॅवोनॉइड म्हणून विकणे चूक आहे.

आपल्या देशात या द्रव्यांचा अभ्यास फार पूर्वी सुरू झाला. वाल्टेअर येथील आंध्र विद्यापीठात प्रा. टी. आर. शेषाद्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात कापसाच्या फुलांतील रंगद्रव्यांची रचना उलगडली. आपल्या भागात एकेकाळी ज्या गावरान कापसाचा पेरा सर्वत्र होता, त्याची पिवळी फुले याच द्रव्यांनी रंगलेली असत.

वनस्पती ही द्रव्ये ज्या रासायनिक मार्गाने तयार करते, त्याला शिकिमिक मार्ग म्हणतात. शेतकऱ्याला तो नावाने ठाऊक नसला तरी परिणामाने ठाऊक आहे. ग्लायफोसेट हे तणनाशक नेमका हाच मार्ग अडवते व तण पिवळे पडून मरते. माणसाच्या शरीरात हा मार्ग मुळातच नाही. म्हणून फ्लॅवोनॉइडे आपण तयार करू शकत नाही. ती आपल्याला ताटातूनच मिळतात.

ज्वारीच्या पानावरील तांबडा डाग

वनस्पती एवढा खटाटोप कशासाठी करते? फुलांचा रंग कीटकांना बोलावण्यासाठी, आणि पानांतील बिनरंगी द्रव्ये उन्हातील घातक किरण शोषून घेण्यासाठी, हे झाले सर्वसाधारण उत्तर. सोयाबीनच्या मुळांतून झिरपणारे जेनिस्टीन व डेडझीन जमिनीतील रायझोबियम जीवाणूंना इशारा देतात व त्यानंतरच मुळांवर गाठी धरू लागतात. बियाण्याला जीवाणुसंवर्धन चोळताना आपण त्या संभाषणातील एका पक्षाची सोय करीत असतो.

परंतु प्रस्तुत विषयासाठी खरा बोधप्रद नमुना ज्वारीचा आहे. ज्वारीच्या पानावर करपा किंवा अन्य बुरशी बसली की ठिपक्याभोवती तांबडा-जांभळा रंग चढतो, हे प्रत्येकाने पाहिले आहे. हा रंग पुष्कळांना रोगाचाच भाग वाटतो. वस्तुतः तो झाडाचा प्रतिकार आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी १९९० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली असे दाखविले की, बुरशीचा तंतू पेशीत घुसू लागला की त्या पेशीत बारीक बिनरंगी थेंब जमतात, ते बुरशीच्या जागेकडे सरकतात, हळूहळू लाल होतात आणि शेवटी फुटतात. त्यांतील एपिजेनिनिडिन व ल्युटिओलिनिडिन ही फ्लॅवोनॉइड वर्गातील द्रव्ये बुरशीला मारतात, आणि ती पेशीही त्यात मरते. एक पेशी बळी जाते व पान वाचते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्वारीचे हे औषध गुणकारी ठरते ते केवळ ते द्रव्य विषारी आहे म्हणून नव्हे. जेथे शत्रू आहे नेमक्या त्याच जागी, पुरेशा दाटपणाने आणि योग्य वेळी ते ओतले जाते, म्हणून ते गुणकारी ठरते. शिवाय त्या पेशीचा जीव वाचविण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. माणसाच्या घशातील व फुप्फुसातील पेशी अशा रीतीने खर्ची घालता येत नाहीत. पुढील सर्व विवेचन या एका फरकाभोवती फिरते.

काचपात्रातील यश

सर्दी, फ्लू, करोना, तसेच लहान मुलांच्या छातीत उतरणारा आर. एस. व्ही. हे सर्व विषाणुजन्य रोग होत. जीवाणूप्रमाणे विषाणू स्वतंत्रपणे वाढत नाही. तो आपल्या पेशीत शिरतो, तिच्याच सामग्रीवर आपल्या प्रती काढतो व बाहेर पडून शेजारची पेशी गाठतो. म्हणूनच प्रतिजैविक गोळ्यांचा त्याच्यावर काहीही उपयोग होत नाही, आणि मेडिकलमधून अशा चार गोळ्या आणून घेणे ही निव्वळ पैशाची नासाडी ठरते.

विषाणूवर एखाद्या द्रव्याची परीक्षा करावयाची तर तो जिवंत पेशींच्या थरावर वाढवावा लागतो. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था १९५२ पासून हे काम करीत आली आहे. २०२० मध्ये तेथे करोनाचा विषाणू वेगळा केला गेला, तो माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढविलेल्या पेशींवर. अशा पेशींच्या थरात क्वेर्सेटिन, कॅटेचिन, ल्युटिओलिन इत्यादी द्रव्ये मिसळली असता कित्येक श्वसनविषाणूंची वाढ मंदावते, असे जगातील अनेक प्रयोगशाळांनी दाखविले आहे. काही द्रव्ये विषाणूला पेशीस चिकटू देत नाहीत, तर काही त्याच्या प्रती काढणाऱ्या विकरांना अडखळवतात. या प्रयोगांत खोटे काही नाही, आणि वर्तमानपत्रांतील मथळे बहुधा येथूनच निघतात.

संगणकावरील परीक्षा ही याच्याही आधीची पायरी आहे. विषाणूचा विकर हे कुलूप व वनस्पतीतील द्रव्य ही किल्ली मानून कोणती किल्ली कोठे बसते, ते गणिताने पाहिले जाते. २०२० नंतर असे निबंध शेकड्यांनी प्रसिद्ध झाले. परंतु फ्लॅवोनॉइडांचा स्वभावच असा की ती अनेक प्रथिनांना थोडीथोडी चिकटतात. प्रत्येक कुलपात अर्धी शिरणारी किल्ली पाहून दार उघडल्याचा आनंद मानता येत नाही.

काचपात्रातील यश माणसात टिकतेच असे नाही, याचा कटू अनुभव त्याच वर्षी आला. हिवतापावरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या गोळीने माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत करोनाचा विषाणू रोखला होता. मानवी फुप्फुसाच्या पेशींत तिने तो रोखला नाही, आणि ब्रिटनमधील मोठ्या रुग्णचाचणीत जून २०२० मध्ये तिचा काहीही लाभ होत नसल्याचे निष्पन्न झाले.

पोटातून फुप्फुसापर्यंत

कांद्यातील क्वेर्सेटिन साखरेच्या रेणूला जोडलेले असते. आतड्यात ही जोडणी तुटते व द्रव्य शोषले जाऊ लागते. परंतु आतड्याची भिंत व यकृत त्याला परकी वस्तू समजून लगेच त्यावर दुसरे रासायनिक गट चढवतात आणि मूत्रावाटे बाहेर टाकण्याच्या तयारीला लागतात. मोकळे क्वेर्सेटिन रक्तात जवळजवळ सापडत नाही. काचपात्रात विषाणू रोखण्यासाठी जेवढा दाटपणा लागतो, त्यापेक्षा रक्तातील प्रमाण अनेक पटींनी कमी असते. ज्वारीच्या पेशीत हेच औषध एका थेंबात गोळा होते. आपल्या शरीरात ते धरणात टाकलेल्या गुळाच्या खड्यासारखे विरून जाते.

मग माणसांवर चाचण्या झाल्याच नाहीत काय? झाल्या. अमेरिकेत सायकलपटूंच्या एका लहान गटाला तीन आठवडे दररोज १,००० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन देण्यात आले, तेव्हा कठोर श्रमानंतर त्यांना सर्दी-पडसे कमी झाले. हा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याची फार वाहवा झाली. पुढे त्याच संशोधकगटाने सामान्य लोकांतील १,००२ स्त्री-पुरुषांवर बारा आठवडे चाचणी घेतली व २०१० मध्ये तिचा निकाल दिला. काहींना ५००, काहींना १,००० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन व काहींना नुसती दिखाऊ गोळी दिली होती. एकूण गटांत काहीही फरक आढळला नाही. केवळ चाळिशीपुढील व स्वतःला धडधाकट समजणाऱ्या व्यक्तींत मोठ्या मात्रेने आजारपणाचे दिवस सुमारे एकतृतीयांशाने घटले. अशा पोटगटातील निकालावर पुन्हा स्वतंत्र चाचणी झाल्याशिवाय भिस्त ठेवू नये, हा संशोधनाचा नियम आहे; बियाण्याच्या एका वाफ्यातील उतार पाहून आपण वाणाची शिफारस करीत नाही, त्यातलाच हा प्रकार. शिवाय १,००० मिलिग्रॅम म्हणजे काही किलो कांद्यांतील क्वेर्सेटिन. ते जेवणातून मिळण्यासारखे नाही.

जेथे विषाणू तेथेच औषध पोहोचवावे, या विचाराने जपानमधील शिझुओका भागात साडेसातशेच्या आसपास विद्यार्थ्यांपैकी काहींना हिरव्या चहाच्या व काहींना साध्या पाण्याच्या गुळण्या दररोज करावयास लावल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत चहाच्या गटात फ्लू किंचित कमी दिसला, परंतु तो फरक योगायोगाच्या मर्यादेबाहेर नव्हता. याउलट त्याच चहातील कॅटेचिनांचे मलम जननेंद्रियावरील विषाणुजन्य चामखिळींवर गुणकारी ठरले व २००६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. चामखीळ त्वचेवर असते. मलम तेथे दाट लावता येते व तेथेच राहते. विषाणूवर फ्लॅवोनॉइडांचा मान्यताप्राप्त उपयोग होऊ शकतो, याचा हा चांगला दाखला आहे. फुप्फुसावर मात्र असे मलम चोळता येत नाही.

वनस्पतींतून आलेली खरी औषधे

याचा अर्थ वनस्पतींकडे पाठ फिरवावी असा नव्हे. फ्लूवर आज दिले जाणारे ऑसेल्टामिव्हिर हे औषध प्रथम ज्या कच्च्या मालापासून बनविले गेले, तो म्हणजे मसाल्यातील चक्रफूल. त्यातील शिकिमिक आम्लावर कारखान्यात अनेक रासायनिक संस्कार करून ते बनते. वर सांगितलेल्या शिकिमिक मार्गाला नाव देणारे आम्ल ते हेच. १९९९ मध्ये हे औषध बाजारात आले व २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्यापासून खेड्यांपर्यंत त्याचे नाव पोहोचले. तेव्हा पुष्कळांनी चक्रफूल उकळून प्याले. तो उपाय व्यर्थ होता, कारण शिकिमिक आम्ल स्वतः विषाणूला काहीच करीत नाही. आतड्यातून शोषले जाईल व शरीरात गेल्यावर विषाणूच्या विकरात अचूक बसेल, अशी त्याची नवी घडण करावी लागली.

दुसरा दाखला आपल्या बांधावरचा आहे. अडुळशातील व्हॅसिसिन या अल्कलॉइडाच्या रचनेवरून ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झाले व १९६० च्या दशकात खोकल्यासाठी जगभर वापरात आले. ते कफ पातळ करून बाहेर काढण्यास साह्य करते; विषाणू मारीत नाही. अडुळशाविषयी आपल्या वाडवडिलांचा अनुभव खरा होता व त्याची मर्यादाही तीच होती. मात्र हेच व्हॅसिसिन गर्भाशयाचे आकुंचन करते, म्हणून गरोदर स्त्रीने अडुळशाचा काढा घेऊ नये. ही सूचना गावात आशा कार्यकर्तीच्या साह्याने प्रत्येक घरी पोहोचावी, असे लेखकास वाटते.

आयुष मंत्रालयाने २०२० मध्ये अश्वगंधा, ज्येष्ठमध, गुळवेल-पिंपळी व आयुष-६४ यांच्या रीतसर चाचण्या हाती घेतल्या, ही दिशा योग्यच होय. वनौषधींची खरी कदर चाचणीने होते, पाकिटावरील छपाईने नव्हे.

'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी असाही समज आहे. ज्येष्ठमध अनेक दिवस मोठ्या मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढतो व शरीरातील पोटॅशियम घटते. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षास हरकत घेतली व तशीच दिसणारी भलतीच वेल वापरली गेली असावी, असा मुद्दा मांडला. वाद कसाही सुटो. झाडावरून तोडलेली वेल ओळख न पटवता महिनोन्महिने पिणे धोक्याचे, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या म्हणण्यातून निघते.

गावात काय सांगावे?

काढा घेऊ नका, असे सांगण्याचे कारण नाही. गरम पातळ पदार्थाने घसा शेकतो, पाणी पोटात जाते व आराम वाटतो. मधाने खोकल्याची उबळ कमी होते. परंतु एक वर्षाखालील बालकास मध कदापि चाटवू नये. कांदा, पालेभाज्या, शेवगा, पेरू, लिंबू हे रोजच्या जेवणात असावेत. ते अन्न म्हणून चांगले आहेत व त्यासाठी पाकीट विकत घेण्याची गरज नाही. एक गोष्ट मात्र नेहमी विसरली जाते. ज्या चुलीवर काढा उकळतो त्या चुलीचा कोंडलेला धूर लहान मुलांच्या न्यूमोनियास हातभार लावतो. आजारी मूल चुलीपासून दूर ठेवले, तर तेवढ्यानेही पुष्कळ लाभ होईल.

काढ्यावर विसंबून थांबण्याची मर्यादा कोणती, हे ठरवून द्यावे. मूल शांत असताना मिनिटभर त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर त्याच घटकेस प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. मूल दूध पिईनासे झाले किंवा गुंगीत गेले तर वाट पाहूच नये. मोठ्या माणसास दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, बोटाला लावण्याच्या यंत्रावर प्राणवायूचे प्रमाण ९४ च्या खाली जाणे, या खुणा त्याच तातडीच्या. गरोदर स्त्रिया, वृद्ध, तसेच मधुमेह व दम्याचे रुग्ण यांनी ताप व खोकला एकदम सुरू होताच डॉक्टरांना दाखवावे. फ्लूवरील औषधाचा सर्वाधिक लाभ पहिल्या ४८ तासांत होतो. काढ्याने बरे वाटेल म्हणून घालविलेले दोन दिवस म्हणजे नेमके हेच तास.

लागवडीचा प्रश्न

फ्लॅवोनॉइडांच्या नावावर नवे पीक घेण्याआधी खरेदीदार कोण, भाव कोणत्या प्रतीस, माल नाकारला तर काय, हे लेखी असावे. आणि रोपांचे पैसे आधी मागणाऱ्याकडे विशेष सावधपणे पाहावे. ज्या द्रव्याला अजून रुग्णचाचणीत यश नाही, त्याच्या औषधी मागणीवर एकरभर कापूस वा तूर मोडणे शहाणपणाचे नाही.

आपल्याकडे आधीच असलेल्या करडईचा विचार मात्र अवश्य करावा. तिच्या पाकळ्यांतील पिवळी द्रव्ये पाण्यात विरघळतात व तांबडे कार्थामिन विरघळत नाही. पूर्वी कापड रंगविण्याचा कुसुंबी रंग हाच. चीनमध्ये या पाकळ्यांचा औषधात मोठा वापर आहे. त्यांतील एका पिवळ्या द्रव्याने उंदरांच्या फुप्फुसाची सूज कमी झाल्याचे प्रयोग झाले आहेत. माणसाच्या श्वसनरोगावर ते औषध ठरलेले नाही. तेव्हा पाकळ्या विकावयाच्या त्या खाद्यरंग व चहा यांसाठी, आणि तेही गिऱ्हाईक ठरल्यावर. यासाठी बिनकाटेरी वाण हवा. परभणीच्या कृषि विद्यापीठाचा पीबीएनएस-४० आणि फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेचा नारी-६ हे तसे वाण आहेत. फुले ताजी पिवळी असताना पाकळ्या ओढू नयेत. दाणा धरल्यावर त्या तांबूस होऊन कोमेजू लागतात, त्या वेळी चिमटीने अलगद काढल्यास दाण्याच्या उत्पन्नास धक्का लागत नाही. पाकळ्या कोरड्या हवेत, सावलीत, स्वच्छ कापडावर पातळ पसराव्यात. उन्हात त्यांचा रंग उडतो व ओलसर राहिल्यास बुरशी धरते. वेचणीस मजूर फार लागतात, म्हणून पहिल्या वर्षी घरच्या माणसांकडून होईल एवढ्याच ओळींच्या पाकळ्या काढून खर्चाचा मेळ घालून पाहावा.

अडुळसा बांधाच्या कडेने लावण्यास हरकत नाही. जनावरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, फांदीच्या तुकड्यांपासून पावसाळ्याच्या आरंभी तो सहज फुटतो, आणि खोकल्यासाठी पाने लागली नाहीत तरी त्याचा पाला हिरवळीच्या खतात घालता येतो.